पाया पड मामाच्या

अकोल्याच्या बसस्टँडवर बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी एक टेबल आहे आणि त्या टेबलामागे गेली अकरा वर्षं जाईबाई बसते. तिथला मग साखळीनं नळाला बांधलेला, साबणाची वडी भोक पाडून सुतळीत ओवलेली आणि खराटा कुलपात. खराटा कोण चोरणार, असं कुणी विचारलं, की जाईबाई त्या विचारणाऱ्याकडेच नीट निरखून बघते.

बाई जन्माचीच संशयी, असं सगळं स्टँड म्हणतं. स्टँडचं काय जातं म्हणायला! तीन वर्षांपूर्वी इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस एका रडक्या पोरीला घेऊन आला होता. बाप आहे म्हणाला. जाईबाईनं पोरीचं तोंड धुऊन दिलं, प्रवासाला पाण्याची बाटली भरून दिली, वर "बापाले तरास देऊ नको" असं बजावलंसुद्धा. आठ दिवसांनी पोलीस त्याच पोरीचा फोटो दाखवत फिरत होते. ती बाटली जाईबाईच्या मनातून अजून गेलेली नाही.

तर अशा या बाईच्या राज्यात दसऱ्याच्या आसपास आचल येऊन पडली. आठ-नऊ वर्षांची, अंगात मोठ्या मापाचा शाळेचा शर्ट, तेल्हाऱ्याची गाडी लागते तिथल्या बाकाखाली मुक्काम. गाव विचारलं तर सोमवारी हिवरखेड, मंगळवारी सेमाडोह. आई विचारली तर कधी कामाला गेलेली, कधी मेलेली. जाईबाईचं ठाम मत, की अशी पोरं कुणीतरी पाठवलेलीच असतात. आत शिरायचं, बाईची पर्स उचलायची आणि बाहेर उभ्या असलेल्याच्या हाती द्यायची. पोर दाराशी दिसली की ती खेकसायची, "काय पाहून राहिली व पोट्टी? सरक तिकडं!"

तरी डब्यातली अर्धी भाकर रोज त्या बाकावर 'विसरून' यायची आणि ती कुणाकडे पोचते यावर लांबून डोळा ठेवायची. पोर भाकर एकटीच खायची. कुणालाच नेऊन द्यायची नाही. त्यानं तर जाईबाईचा संशय आणखीच वाढला.

आणि एका दुपारी तो आला. चाळिशीचा, केस चापून बसवलेले, हातात नव्या फ्रॉकची पिशवी.

"माही भाची होय हे. आचल. महिना झाला शोधून राहिलो हिले."

नाव गोवर्धन, गाव तेल्हारा. 'मले', 'तुले', सगळं जिथल्या तिथं. आधार कार्ड मागितलं तर म्हणाला, घरी राहिलं. घरी तर जाईबाईचंही राहतं. तिला खोट सापडेना. खरंच मामा असला तर? पोरीला घर मिळत असताना आपण आडवं जायचं? आणि नसला तर? पुन्हा एक बाटली भरून द्यायची?

"वळखतं काय व याले?" तिनं आचलला विचारलं.

पोरीनं लगेच मान हलवली. हो.

माणूस खूश झाला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चाल मंग बेटा. पाया पड मामाच्या."

आचल वाकली. आणि तिथंच जाईबाईला खोट सापडली.

वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पाळण्यात असो की लग्नाची, वाकायचं मामानं. जाईबाईचा थोरला भाऊ श्रावण सत्तरीला आला, पण गुडघा धरून का होईना, आजही तिच्या लेकीच्या, नीलमच्या पायांना हात लावतो. भाचीला स्वतःपुढे वाकायला लावणारा हा माणूस बोली शिकून आला होता, घर शिकायचं राहून गेलं होतं.

जाईबाई ओरडली नाही. "थांबा भाऊ," ती म्हणाली, "हिचं तोंड धुऊन देते. गाडीले येळ हाय." पोरीचं मनगट धरून तिनं आत नेलं आणि कडी घातली. आतूनच स्टँडच्या पोलीस चौकीला फोन केला, मग मुलांच्या मदतीचा तो एक-शून्य-नऊ-आठ लावला. बाहेर बायका दार बडवत होत्या. बडवू दिलं.

"मामा होय तो तुहा?"

"नाई."

"मंग हो काहून म्हनली? वाकली काहून?"

आचलनं सुतळीला ओवलेला साबण हातात फिरवला. "मले मामाच नाई," ती म्हणाली. "पन माहं नाव घेऊन कोनी न्यायले आल्तं. याच्या पयले कोनीच नाई आलं."

जाईबाईला रडू फुटलं आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. महिनाभर ती या पोरीवर पाळत ठेवून होती. जेवलीस का, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. तिनं दातानं सुतळी तोडली आणि साबण पोरीच्या हातात दिला.

हवालदार आला तेव्हा टेबलावर फ्रॉकची पिशवी तेवढी उरली होती. तासाभरानं मुलांच्या मदतीची प्राजक्ता मॅडम आली. जाईबाईनं तिचं ओळखपत्र दोनदा वाचलं, फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला, बालगृहाचा पत्ता हवालदारासमोर लिहून घेतला. मगच आचलचं मनगट सोडलं.

"उद्या येते तुले पाहाले," ती म्हणाली. "पक्कं."

आचल मॅडमच्या गाडीत बसली. ओला साबण तिनं शर्टाच्या खिशात घातला होता. महिनाभर जाईबाईनं तिच्याकडे जसं पाहिलं होतं, अगदी तसंच तिनं जाईबाईकडे पाहिलं. एका शब्दावरही तिचा विश्वास बसलेला नव्हता.