खेचर नंबर चारशे बाराचा माणूस

तात्या नाकावर माशी बसू देणारे नव्हेत. चामड्याचे पट्टे शिवायच्या त्यांच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक "टाका जरा सैल वाटतो" म्हणालं, की तात्या पट्टा काढून घेत आणि गिऱ्हाईकाला दार दाखवत. अशा माणसाला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं, की भर युद्धात आपण फौजेतून पळालो होतो!

झालं असं, की माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड काढायला लेकीनं त्यांच्या सेवापुस्तिकेची नक्कल मागवली. ओट्याशी उभ्या उभ्या चाळताना ती थबकली.

"तात्या, यात लिहिलंय, 'अकरा दिवस विनापरवानगी गैरहजर.'"

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच निवून गेला.

फौजेत तात्या खेचरं सांभाळत. गाडी चढत नाही अशा डोंगरावर दाणा आणि दारूगोळा पोचवायचा, हे त्यांचं काम. एका सकाळी चारशे बारा नंबरच्या खेचराच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. हवालदार म्हणाले, "याला खाली जनावरांच्या दवाखान्यात ने, चालायला लागलं की परत आण." सगळं तोंडी. त्याच संध्याकाळी हवालदार तोफांच्या माऱ्यात मारले गेले. हुकूम ठाऊक असलेला दुसरा माणूस नव्हता. त्या रात्रीच्या हजेरीला तात्या दिसेनात, कारकुनानं शेरा मारून टाकला. तात्या खेचरासह परतले तेव्हा तुकडी तळ हलवण्याच्या गडबडीत होती. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि आपल्या नावापुढं काय लिहिलंय हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं.

लेकीनं अर्ज केला. उत्तर आलं, साक्षीदार आणा. साक्षीदार स्वर्गात, तो आणायचा कसा? तात्या स्वतः अभिलेख कार्यालयात जाऊन धडकले. खिडकीतला कारकून सज्जन होता, तोच जास्त त्रास.

"आजोबा, तुमच्या पेन्शनला यानं काही धक्का नाही. कशाला जिवाला घोर लावून घेता?"

"पेन्शनला नसेल," तात्या म्हणाले, "मला आहे."

दुसरा अर्जही परत आला. घोडं पेंड खात होतं ते एकाच जागी: पुरावा. तात्यांचं दुकानात लक्ष लागेना. एकदा तर त्यांनी पट्ट्याला बक्कल उलटं लावलं, आणि गिऱ्हाईकानं ते दाखवल्यावर चक्क माफी मागितली. लेक घाबरली ती तेव्हा.

"त्या जनावरांच्या दवाखान्यात तुमचं नाव कुणी लिहिलं नसेल का हो?" तिनं विचारलं.

"माझं कोण लिहितंय? लिहायचे ते खेचराचं."

बोलता बोलता तात्या ताडकन उठून उभे राहिले. लेकीनं कागद-पेन पुढं ओढलं.

तिथला नियम असा, की आजारी जनावराबरोबर त्याचा माणूस राहायचा आणि प्रत्येक मलमपट्टीला कागदावर सही करायचा. लेकीनं आता खेचराच्या नावानं अर्ज केला! तीन महिने पिच्छा पुरवल्यावर जुन्या गोदामातून चारशे बाराचं कार्ड निघालं, नव्यासारखं करकरीत. फौजेनं माणसांपेक्षा जनावरांचे कागद नीट जपले होते. चांगलं खेचर सहजासहजी मिळत नाही ना!

सुनावणीला तीन अधिकारी बसले होते. मधल्या बाईंनी कार्ड चाळलं. रोज एक, अशा नऊ सह्या, प्रत्येक सहीखाली तात्यांचा फौजी नंबर. तळाशी डॉक्टरांचा शेरा होता. तो बाईंनी मोठ्यानं वाचला, "'जनावर चावते. स्वतःच्या माणसाखेरीज कुणाला हात लावू देत नाही. बरे होईपर्यंत माणसास परत पाठवू नये.'"

डावीकडचे अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "हे नऊच दिवस झाले. गैरहजेरी अकरा दिवसांची आहे. उरलेल्या दोन दिवसांचं काय?"

"एक दिवस उतरायला, एक चढायला," तात्या म्हणाले. "लंगडं खेचर काय उडत जाणार होतं, साहेब?"

बाई खळखळून हसल्या. चष्मेवाल्यांनीही हात टेकले. लेकीनं मात्र पदराआड डोळे पुसले. बाईंनी जुन्या शेऱ्यावर लाल रेघ मारली, नवा मजकूर लिहून सही केली आणि शिक्का उमटवला.

"आणखी काही म्हणायचंय?"

"हवालदारांच्या हुकमावरून गेलो, तेवढं लिहा. नाहीतर लोकांना वाटेल, मी आपल्या मनानंच गेलो."

बाईंनी तेही लिहिलं.

बाहेरच्या बाकांवर आपापल्या कागदांसाठी आलेले आठ-दहा म्हातारे सैनिक बसले होते. तात्यांची छाती फुगली होती. त्यांनी कागद लेकीच्या हातात दिला. "वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

लेकीनं घसा खाकरला. आधी नंबर वाचला, मग हुद्दा, मग तात्यांचं पूर्ण नाव. "'हवालदारांच्या हुकमावरून जखमी जनावरासोबत अकरा दिवस कर्तव्यावर...'"

पुढचा शब्द तिच्या तोंडून निघण्याआधीच तात्यांच्या टाचा जुळल्या, मान ताठ झाली, आणि सगळा व्हरांडा दणाणून गेला.

"हजर, साहेब!"