हरमलच्या वाळूत आलेली राणी

गोवा घटक राज्य होऊन काही वर्षं झाली होती. डिचोलीच्या बाजारात वडिलांचा फोटो स्टुडिओ होता आणि कॉलेज संपल्यावर मीही तिथेच उभी राहू लागले. गिऱ्हाईक म्हणजे नोकरीच्या अर्जाला पासपोर्ट फोटो चिकटवणारी मुलं, सर्वणहून सजून आलेली नवी जोडपी आणि कोल्हापूर-बेळगावकडून कारखान्यांत, बांधकामांवर आलेले कामगार. कामगारांना गावी पाठवायला फोटो हवा असायचा. त्यांच्यासाठी वडिलांनी खुंटीवर एक काळा कोट ठेवला होता. तो पाठीत उसवलेला होता, पण फोटो समोरून निघत असल्यामुळे कधी कुणाचं अडलं नाही.

"मान सरळ. हनुवटी खाली. आता हलायचं नाही," वडील म्हणायचे. माणूस श्वास रोखून बसायचा आणि मग दिवा लखकन चमकायचा. मला ते बघून कंटाळा येऊ लागला होता. स्टुडिओत येईपर्यंत बडबडणारी, हसणारी, भांडणारी माणसं त्या स्टुलावर बसली की दगड का होतात, असं मला वाटायचं. कॅमेरा घेऊन माणसांच्या जागी जावं, ती तिथे जशी असतात तशी टिपावी, अशी इच्छा होती. वडिलांना ते पटत नव्हतं असं नाही, ते म्हणायचे, "जा, पण बॅटरी, फिल्म आणि घरी यायची शेवटची बस, तिन्ही सांभाळ."

अशातच एक परदेशी बाई स्टुडिओत आली. उंच, पन्नाशीची, अंगात जुन्या साड्या जोडून शिवलेला पायघोळ झगा. हॉलंडची होती आणि दर हिवाळ्यात हरमलला खोली घेऊन राहायची. होड्यांची फाटकी शिडं, नायलॉनची जाळी, गोणपाट, असल्या टाकाऊ वस्तूंतून ती कपडे शिवत असे. एका आयतारी, म्हणजे रविवारी, संध्याकाळी समुद्रावर ते कपडे लोकांना घालून चालायला लावायचं तिने ठरवलं होतं. चालणारे मॉडेल नव्हते. कुणी बासरी वाजवणारा, कुणी पाव विकणारी, कुणी मासेमारीच्या होडीवरचा. या प्रत्येकाचा त्याच्या राहत्या जागी एक फोटो काढायचा आणि त्या दिवशी ते सगळे फोटो वाळूत दोरीवर टांगायचे, असा तिचा बेत होता. तिचं इंग्रजी मोडकं होतं, माझंही तसंच, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

"एक माणूस मला फार हवा आहे," ती म्हणाली. काही वर्षांपूर्वी पेडण्याकडच्या एका जत्रेत तिने दशावतार पाहिला होता. त्यातली राणी वनवासाला निघते तेव्हा ही बाई, एक शब्द न कळता, रडली होती. नंतर तिला समजलं की ती राणी म्हणजे पार्सेचा एक शेतकरी पुरुष. आता त्याने काम सोडलं होतं. त्याला भेटून विचारायला तिला भाषा येणारं कुणीतरी हवं होतं.

मी बस बदलत पार्सेला गेले. घर शोधायला त्रास झाला नाही. गावात सगळे त्यांना ओळखत होते. राणीचं काम करणारे ते काका काजूच्या बागेत सुकी पानं ओढत होते. सत्तरी गाठलेले, बारीक अंगाचे, कमरेला पंचा आणि वर बनियन. मी येण्याचं कारण सांगितलं तसे ते हसत सुटले.

"गोणपाट नेसून दर्यार चलू? बाय, माजा डोक्या फिराक नाय अजून."

त्यांची बायको, काकी, चहा घेऊन बागेतच आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बांधावर बसत म्हणाल्या, "विचारता तर बऱ्या मनान विचारता ती. तुमका कोण आता विचारता?"

काकांनी पानं ओढायचं थांबवलं. मग त्यांनी अट घातली. गोणपाट नाही. नेसतील तर नऊवारी, आणि चेहरा स्वतः रंगवतील. मी परस्पर हो म्हणून टाकलं.

मग फोटो. मी त्यांना एका झाडाखाली उभं केलं. ते हात मांड्यांना चिकटवून, छाती काढून, थेट कॅमेऱ्यात बघत उभे राहिले. अगदी आमच्या स्टुलावर बसवल्यासारखे. मी म्हटलं सैल व्हा, ते जास्तच ताठ झाले. मी हरून कॅमेरा खाली घेतला आणि गप्पा मारायला म्हणून काकींना विचारलं, "काकी, तुम्हाला काकांची कुठली राणी जास्त आवडायची?"

"मी खंय बघलंय?" काकी म्हणाल्या. "एकपण नाय."

मला खरं वाटेना. काकी सांगू लागल्या. लग्न झालं त्या वर्षी गावच्या जत्रेला काकांनी काकींचंच नवं लुगडं नेसून काम केलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका हसल्या, तुझा घो तुझ्यापेक्षा बरा दिसतो म्हणाल्या. सतरा-अठरा वर्षांची पोर ती. तिने मनात धरलं, पुन्हा कधी बघायला जायचं नाही. पुढे गुरं, मुलं, सासूचं आजारपण, आणि न जाण्याला कारणं मिळतच गेली.

"माका वाटला तुका झोप येता म्हणान येणस नाय," काका म्हणाले.

"झोप कसली येता? जत्रेतलो गजर ऐकत पडान रवंय."

काका काकींकडे वळले. मग त्यांनी पंजा वर केला. बनियनवर, जिथे काहीच नव्हतं, तिथून त्यांनी पदर उचलला, डोक्यावर ओढला आणि त्याचं टोक दातांत धरून नजर खाली घेतली. काजूच्या झाडाखाली, पंचा नेसलेली, पांढऱ्या दाढीचे खुंट वाढलेली एक बाई उभी होती. काकींचा हात कपावरच थांबला. मी बटण दाबलं हे मला नंतर आठवलं.

तो आयतार आला. हरमलच्या वाळूत माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला होता. ढोल घेऊन बसलेली मुलं, कानांत पिसं खोवलेल्या मुली, जाळ्यांचे झगे, शिडांचे अंगरखे. दोरीवर फोटो वाऱ्याने हलत होते. काका मांडवात आरशासमोर दुपारपासून बसले होते. स्वच्छ दाढी करून त्यांनी पांढरा रंग लावला, गाल रंगवले, भुवया ओढल्या. काकी शेजारी बसून निऱ्या काढत होत्या. नऊवारी त्यांचीच होती, हिरवी.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मोटारसायकलवरून त्यांचा मुलगा आला. पणजीला सरकारी कचेरीत नोकरीला, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट. दोरीवरच्या बापाच्या फोटोसमोर तो क्षणभर थांबला आणि सरळ मांडवात शिरला.

"बाबा, घराक चला."

"ह्या उतरवक येळ लागता रे," काका आरशातून म्हणाले. "चढयलला आसा तर एक फेरी मारून येतंय."

"बाबा, मस्करी नको. ऑफिसातले लोक आयतारी हंय येतत. उद्या माका काय म्हणतले?"

मी मध्ये पडून म्हटलं, हवं तर मी फोटो काढून ठेवते. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"शाळेत माका राणीचो झील, राणीचो पोरगो म्हणत. चवथीपासून मॅट्रिकपर्यंत. पोरां पदर घेवन माज्या फुड्यात चलत."

काकांचा हात थांबला. भुवईची काडी त्यांनी खाली ठेवली. रंगवलेल्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं, फक्त डोळे दिसत होते.

"तू कधी बोललंस नाय."

"काय बोलतलंय? रात रात उभे रवून तुमी आमचा शिक्षण केलात. तां माका कळत होता."

बाहेर ढोल वाजत होते. काका खुर्ची वळवून मुलासमोर बसले. "तू 'नको' म्हण. मी आता पुसतंय. तुजी आण."

मुलगा मांडवाच्या खांबाला टेकला. त्याला नको म्हणायचं होतं, आणि म्हणवत नव्हतं. दोघे तसेच राहिले असते तर अंधार पडला असता. काकींनी निऱ्या पिनेने टाचल्या आणि मुलाला म्हणाल्या, "रे, तू लहान असताना तुका घराक सोडून मी बघूक गेलंय नाय. आज माका बघूंदे. मगे तुमी बापूस-झील काय ता करा."

मुलगा बाजूला झाला. बापाच्या पायातल्या चपला त्याने काढून घेतल्या, वाळूत अनवाणी चालायचं म्हणून, आणि त्या हातात धरूनच बाहेर उभा राहिला.

इतर लोक आपापल्या मजेने चालून गेले. कुणी नाचत, कुणी शिट्ट्या वाजवत. काका आले ते कुणाकडे न बघता. चार पावलं चालले आणि थांबले. मागे वळून बघितलं, जणू मागे राज्य होतं. ढोलवाल्या मुलांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी हात आवरले. मग फक्त लाटांचा आवाज, आणि हिरव्या नऊवारीतली ती वाकलेली मान. शेवटाला पोचल्यावर काका बसले, वाळूची मूठ भरून कपाळाला लावली आणि उठून समुद्राच्या दिशेने चालू लागले. हॉलंडची बाई रडत होती. पलीकडे काही देशी पर्यटक आधी हसले होते, ते आता पुढे सरकून बघत होते.

मी काकांचे फोटो काढले, बरेच काढले. पण मधेच सहज मागे वळले तर काकी दिसल्या. त्या उभ्याच राहिल्या होत्या. तोंडावर हात होता, आणि हाताआड हसू की रडू ते दिसत नव्हतं. मी तोही काढला. शेजारी मुलगा होता, चपला छातीशी धरून. त्याची नजर वाळूत होती, मग हळूहळू वर आली.

घरी जाताना तो मला एवढंच म्हणाला, "लहानपणी मी बाबांचा काम बघलंय नाय कधी. बघूक व्हया होता."

डार्करूममध्ये काकींचा फोटो औषधाच्या पाण्यात उमटू लागला तेव्हा वडील शेजारी होते. लाल दिव्याखाली त्यांनी तो बराच वेळ बघितला. "हिला मान सरळ ठेव म्हणून कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले आणि चिमट्याने तो स्वतः उचलून वाळत घातला. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुपारचं दुकान एकट्याने सांभाळायला सुरुवात केली, म्हणजे मी बाहेर पडू शकेन.

पहिलं काम काकांच्या मुलानेच आणलं. बाबांबरोबर काम केलेले म्हातारे कलाकार आहेत, त्यांचे फोटो काढाल का, असं विचारत तो स्टुडिओत आला. मग दोन हिवाळे मी पेडण्यातल्या गावांतून फिरले. राजा त्याच्या भातखळ्यात, राक्षस त्याच्या किराणा दुकानात, हसवणारा नट बसस्टॉपवर. कुणी मुकुट घालून, कुणी नुसत्या लुंगीवर.

ते फोटो घेऊन मी पार्सेला गेले तोवर काकांची नजर पार गेली होती. ते पडवीत खिडकीपाशी बसून होते. काकी एकेक फोटो हातात घेऊन त्यांना सांगू लागल्या.

"हो राजा. मिश्यो मोठ्यो. खळ्यात उभो आसा."

"हात खंय आसत तेचे?"

"कमरेर."

"दोनय?"

"दोनय."

"मगे तो राजा न्हय, तलाठी," काका म्हणाले. "राजाचो एक हात सुटो व्हयो. तेका सांग, परत काढून घे म्हणान."

काकी खोखो हसल्या. मी म्हटलं, "काकी, तुम्हाला बरं आठवतं कोण कसा उभा राहतो ते."

"गेल्या जत्रेक पयल्या रांगेत बसलंय," त्या म्हणाल्या. "ह्यांका सगळा सांगूचा लागता ना. मी बघतंय, आणि हे चुको काढतत." त्यांनी पुढचा फोटो उचलला, डोळ्यांपासून जरा लांब धरला. "आता हो राक्षस. तुमच्याच कंपनीतलो तो. दुकानात बसलो आसा, आणि पोट कितक्या वाढलां बघा तरी."