देवघरात गमबूट

पुराचं पाणी उतरल्यावर नदीकाठी जायचं असेल तर गमबूटच घालावेत. स्लीपर गाळात रुतून बसते, पाय तेवढा वर येतो. सँडलचे पट्टे तुटतात. हे मला वडिलांनी सांगितलं. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती. पहिल्या पुरानंतर गुलाबाला पाणी भरताना घालायचे आपले गमबूट त्यांनी माझ्या हातात कोंबले. तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

सासर पंचवटीत, घाटाच्या अगदी जवळ. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पुरात बुडायला आला की आम्ही घर सोडायचो. पाणी उतरलं तशा मी आणि सासूबाई देव आणायला गेलो. उंबऱ्यावर मी पाय उचलला आणि त्या कडाडल्या, "बूट घालून देवाच्या घरात? माहेरी हेच शिकवलं का?"

अहो, आत पोटरीभर गाळ! घर कसलं, गटार झालं होतं. पण मी नवी सून, मुकाट्यानं बूट काढले. देव्हाऱ्यापाशी फुटक्या तसबिरीची काच तळव्यात हाडापर्यंत घुसली. टाके पडले, पाय पिकला, मी जन्माची लंगडी झाले. आणि बाई गल्लीभर सांगत सुटल्या, "आमची सूनच धांदरट." ते मी गिळलं, पण पचवलं नाही.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा तसाच पूर आला. सासूबाई थकलेल्या, तरी देवाला दुसऱ्या कुणाचा हात नको म्हणून माझ्यासोबत आल्या. मी तेच गमबूट घातले होते. उंबऱ्यावर त्यांनी सवयीनं चपला काढल्या. मी अडवलं नाही. खोटं कशाला सांगू, काच कुठं असेल ते मी मनातल्या मनात शोधत होते.

पाऊल गाळाला टेकणार तेवढ्यात मी त्यांचा दंड धरला. पायरीवर बसून बूट काढले नि त्यांच्यापुढे ठेवले.

"हे घाला आणि जा."

"देवापाशी बूट? अगं, काहीतरीच काय!"

"मग राहू देत देव गाळात. मी आत जायची नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या उघड्या, वाकड्या पायाकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग पायरीवर टेकून त्यांनी बूट चढवले. मी त्यांच्या चपला घालून बाहेर उभी राहिले. आत पावलागणिक काच करकरत होती, ती मी कान देऊन ऐकली.

देव पदरात घेऊन त्या रडत बाहेर आल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. छे! काळीज कसं निवलं.