निर्दोष ठरलेले डॉक्टर

‘बसतो नंतर,’ असं म्हणून डॉक्टर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत आणि उभेच राहत. दावा चालू असताना आमच्या ऑफिसात ते कितीदा आले, पण बसलेले मला आठवत नाहीत. काही माणसं अशी उभ्याउभ्याच चिंता करतात; तुम्हीही पाहिली असतील.

इंदूर मध्यभारत राज्यात होतं, तेव्हाचे दिवस होते ते. मी इंदुरात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली नुकता लागलो होतो. डॉक्टरांचा दवाखाना छत्रीबागेत. एका गिरणी कामगाराच्या बायकोला न्युमोनिया झाला. डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई दिली आणि ती बाई त्यांच्यासमोरच गुदमरून गेली. पूर्वी एकदा याच सुईने तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. नवऱ्याने दावा लावला. त्याचं म्हणणं एवढंच, की विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

गावातल्या दोन नामांकित डॉक्टरांनी साक्ष दिली, की एवढं कोणीच विचारत नाही. आमच्या वकिलांनी तेच धरून ठेवलं. डॉक्टर काही देव नव्हे. त्याच्या जागी दुसरा जाणता डॉक्टर जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली की झालं. कोर्टाला ते पटलं. दावा फेटाळला गेला.

मी पेढे आणायला निघालो, तर डॉक्टरांनी मला व्हरांड्यात अडवून इंदुरी हाक मारली.

‘भिया, कोणीच विचारत नाही म्हणून मी सुटलो ना?’

‘कायदा तेवढंच बघतो,’ मी म्हणालो.

‘कायद्याचं ठीक आहे. पण मला विचारायला कोणी मना केलं होतं?’

त्यानंतर ते प्रत्येकाला खोदून खोदून विचारू लागले. आधी कुठली सुई घेतली, अंगावर काही उठलं का, दम लागला का. बाहेर लोक ताटकळत. डॉक्टरसाब इलाज करतात की बयान घेतात, म्हणून हसत आणि दुसरीकडे जात. साक्ष दिलेल्या त्या दोघांकडेही जाऊन त्यांनी गळ घातली, की तुम्हीही विचारत चला. त्यांनी चहा पाजून विषय बदलला.

एका दुपारी मी खोकल्याचं औषध घ्यायला गेलो होतो. तोच कामगार तापाने फणफणलेल्या मुलीला उचलून आत आला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. माझ्याकडे कसा आलास, एवढंच ते कसंबसं बोलले.

‘बाकी कोई पूछता नहीं, डाक्टरसाब.’

मग डॉक्टरांनी एकेक प्रश्न विचारला आणि त्याने खाली बघत एकेक उत्तर दिलं. सुई दिली नाही, पुड्या दिल्या. ताप उतरेपर्यंत डॉक्टर रोज त्याच्या घरी जात राहिले.

डॉक्टरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मला ताप आला, म्हणून जवळच्याच एका नव्या डॉक्टरकडे गेलो. त्याने सुई भरली आणि माझी बाही वर केली. मी हात मागे घेतला, आणि हा काही विचारतो का, याची वाट बघत राहिलो.