वरची मूठ

सुपरमार्केटला घाम फोडणारी एकच बाई आमच्या छत्रपती संभाजीनगरात झाली, आणि ती माझ्या मुलाची सासू आहे. त्या थंडगार दुकानात बाकीची माणसं स्वेटर घालून यावं की काय असा विचार करत फिरत असतात. पण विहीणबाई आत शिरल्या की दारावरच्या वॉचमनपासून टाय लावलेल्या मॅनेजरपर्यंत सगळे कपाळ पुसायला लागायचे. सगळ्यांत जास्त घाम मला फुटायचा, कारण मी त्यांच्यासोबत असायचो. निदान माझ्या घरात सगळ्यांचा समज तसा आहे. हा समज मला आता दुरुस्त करायचा आहे.

माझी पत्नी गेली तेव्हा सई पहिलीत होती आणि ओमला नुकते पाय फुटले होते. मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीवर. मग विहीणबाई चितेगावजवळचं आपलं घर सोडून मुकुंदवाडीला त्यांच्या मुलाकडे येऊन राहिल्या आणि तिथून रोज रिक्षानं आमच्याकडे नातवंडं सांभाळायला यायला लागल्या. शनिवारी आम्ही चौघं महिन्याचं, आठवड्याचं सामान आणायला जायचो. मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. आमच्या घरात शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात कुणी कधी शिंकलंही नाही. विहीणबाई शेतकरी घरातल्या. त्यांचं बोलणं बांधाच्या या टोकावरून त्या टोकाला पोहोचेल अशा बेतानंच निघायचं. शनिवार उजाडला की मी सामानाची यादी जमेल तेवढी आखूड करायचो.

सुरुवात दारातच व्हायची. वॉचमन म्हणायचा, "अम्मा, थैली इधर जमा करो, टोकन लेव." विहीणबाई पिशवी उराशी धरून विचारायच्या, "आन् हरवली म्हंजी? लेकराची भाकर हाय तिच्यात. तू देशीन का करून?" त्या वॉचमनकडून दर वेळी नव्यानं वचन घ्यायच्या, त्याच्या आईची तब्येत विचारायच्या आणि मगच टोकन घ्यायच्या. मागं खोळंबलेल्या लोकांच्या ट्रॉल्या माझ्या टाचांना लागायच्या.

आत गेल्यावर त्यांचा आठवडी बाजार सुरू व्हायचा. सुट्या मालाच्या काट्यावर एक सावळी, चटपटीत मुलगी असायची. ती तांदूळ तोलून, स्टिकर चिकटवून पिशवी पुढं करायची. विहीणबाई पिशवी हातात घ्यायच्याच नाहीत.

"वरची मूठ टाक की गं माय."

"आजी, इथं तसं नसतं. वजन झालं, स्टिकर लागलं."

"त्या स्टिकरावर लिवलंय का वर टाकू नको म्हून?"

"मशीन घेत नाही आजी."

"मशीनला कुठं देते मी? मला दे."

मुलगी हसू दाबायची. मूठ कधीच मिळाली नाही, पण मागायची राहिलीही नाही. काही शनिवारांत विहीणबाईंनी त्या मुलीचं गाव, तिचा मामा आणि तिला जेवायला किती उशीर होतो हे सगळं काढून घेतलं आणि तिला गुपचूप भाजलेल्या शेंगा द्यायला लागल्या. मॅनेजरनं दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा तिला झापलं.

पोरांच्या बाबतीत तर त्यांना आपलं-परकं कळतच नसे. चॉकलेटं बिलाच्या काउंटरजवळ, बरोबर लेकरांच्या डोळ्यांसमोर लावलेली असतात. तिथं एकदा कुणाचा तरी मुलगा फरशीवर लोळण घेऊन किंचाळत होता आणि त्याची आई दात आवळून "घरी चल, मग बघते" म्हणत होती. विहीणबाई त्याच्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि त्याच्याहून मोठ्यानं रडायला लागल्या, "मला बी पायजे! मला बी पायजे!" पोरगा गप्पच झाला. दचकून आईच्या कडेवर जाऊन बसला. ओमचं तर विचारूच नका. रांगेत उभं असताना गूळ राहिला असं आठवलं की त्या पुढच्या अनोळखी बाईच्या हातात ओमला ठेवायच्या, "धर गं माय जरा," आणि निघून जायच्या. ती बाई ओमकडे पाहायची, ओम तिच्याकडे पाहायचा, आणि थोडं मागं उभा असलेला मी छताकडे पाहायचो. एकदा ओमला शूची घाई झाली. 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी असलेल्या दाराशी मॅनेजरनं अडवलं, तर म्हणाल्या, "लेकराला वाचता येतंय का? मग पाटी कोणाला दाखवतो?" आणि दार ढकलून आत गेल्या. त्या दिवसापासून लहान मुलांच्या आया त्या दारानं बिनदिक्कत जायला लागल्या.

मी थोडं मागं उभा असायचो, असं वर लिहिलं. ते नीट सांगायला हवं. मी एक युक्ती काढली होती. आत शिरलो की सईचं बोट धरून मी रॅकची एक ओळ सोडून चालायचो. त्या डाळी-तांदळात असल्या की मी बिस्किटांत, त्या तेलात गेल्या की मी साबणांत. बिलाच्या रांगेतही मध्ये दोन माणसं ठेवायचो. पाहणाऱ्याला वाटावं, ही आजी वेगळी, हे आजोबा वेगळे. विहीणबाईंच्या हे लक्षात येत नसावं असं मी धरून चाललो होतो.

त्यांची एक सवय सगळ्यांवर कडी करणारी होती. आमच्या घरी वर्षाची तूरडाळ त्यांच्या शेतातून येते. दुकानातून डाळ घेण्याचा प्रश्नच नव्हता. तरी घरच्या डाळीची एक पुरचुंडी कमरेला खोचून त्या दुकानात यायच्या. सुट्या डाळीच्या डब्याशी उभ्या राहायच्या, तळहातावर एकीकडे आपली, एकीकडे दुकानाची डाळ ठेवायच्या आणि काट्यावरच्या मुलीला दाखवायच्या, "बघ. तुमची निस्ती चकाकती. लगीनघरातल्या करवलीवानी. कामाची ही." मग दुकानाची डाळ डब्यात परत, आपली पुरचुंडीत, पुरचुंडी कमरेला. चेहऱ्यावर असं समाधान, जणू वर्षाचं पीक पुन्हा एकदा पदरात पडलंय.

दिवाळीच्या आधीचा तो शनिवार. दुपारची वेळ, दुकान तुडुंब. गर्दीमुळे काट्यावरच्या त्या मुलीला बिलाला बसवलं होतं. तिच्याच रांगेत मी सईला घेऊन उभा होतो आणि माझ्या मागं नेमके आमच्या कचेरीतले जुने साहेब सपत्नीक आले. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही त्यांना पाहिल्यावर माझी पाठ आपोआप ताठ झाली. विहीणबाई ओमला घेऊन दाराकडे पुढं निघाल्या होत्या. ओम हात सोडून पळाला, त्या वाकल्या, त्याला उचलून कडेवर घेतलं, आणि कमरेची पुरचुंडी सुटून खाली पडली. गाठ सुटली. पिवळी डाळ वॉचमनच्या बुटांपर्यंत पसरली.

"अम्मा, ये क्या है?"

"डाळ हाय. माही हाय."

मॅनेजर आला. त्याला बहुधा कितीतरी शनिवारांचा हिशेब एकदमच चुकता करायचा होता. "लूज सेक्शनमधली ना ही? बिल कुठंय?"

"माह्या शेतातल्या डाळीला तू बिल मागतो व्हय?"

"कमरेला लपवून कोण आणतं घरची डाळ?"

आजूबाजूची माणसं थबकली. कुणीतरी मोबाइल वर केला. ओम रडायला लागला. माझ्या मागून साहेब म्हणाले, "पाहिलंत? या वयात!" आणि मी मान डोलावली. खरंच डोलावली.

"कोण आहे सोबत तुमच्या?" मॅनेजरनं विचारलं.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला व्याही म्हणून हाक मारली नाही. "इवाई, सांगा की," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी फक्त पाहिलं. मॅनेजरची नजर त्यांच्या नजरेमागोमाग माझ्यावर आली.

"काका, ह्या तुमच्यासोबत आहेत का?"

"नाही," मी म्हणालो.

सकाळीच मी त्याच डाळीचं वरण भातावर घेऊन जेवलो होतो. सईनं तोंड उघडलं, "पण आजोबा, ही तर..." मी तिचा हात दाबला. जरा जोरात दाबला. विहीणबाईंनी लगेच नजर काढून घेतली, जणू माझ्या मागचा दिवा पाहत होत्या. "एकलीच हाय मी," त्या म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांना दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्यात बघावं लागेल, मॅनेजर म्हणाला. रांग पुढं सरकली, माझा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, सईकडे पाहिलं, ट्रॉलीतल्या गुळाच्या ढेपेकडे पाहिलं. गूळ विहीणबाईंनीच निवडला होता, दाराकडे जाताना तिला दाखवून. तिनं भराभर बिल करून पिशव्या माझ्यापुढं सरकवल्या. ड्रॉवर बंद करून उठली आणि सरळ दाराशी गेली.

"सर, ह्या आजी दर आठवड्याला घरची डाळ आणतात. आपल्या डाळीशी लावून बघायला. मी दर वेळी बघते. चोरायची असती तर मला दाखवली असती का? ही डाळ आपली नाहीच. आधी आजींची माफी मागा."

"तू काउंटर सोडून कशी आलीस?"

"आलेय ना, आता बोलू द्या. माफी मागा."

मॅनेजरनं माफी मागितली की नाही ते गर्दीत नीट ऐकू आलं नाही. "बरं, जा आजी," एवढं ऐकू आलं. पण आजी गेल्या नाहीत. ओमला मांडीवर घेऊन खाली बसल्या आणि डाळ वेचायला लागल्या. ती मुलगीही बसली. माझ्या मुठीतून सईचा हात निसटला, आणि तीही जाऊन त्यांच्या शेजारी बसली. तिघी माझ्यासमोर डाळ वेचत होत्या. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा होतो. हातांत पिशव्या आहेत याचं मला फार बरं वाटलं.

रिक्षात घरी पोहोचेपर्यंत मी मनात चार-पाच वाक्यं जुळवली आणि मोडली. सूनबाईनं दार उघडलं आणि विहीणबाईंचा नेहमीचा आवाज परत आला. "अगं, आज काय झालं म्हाईत हाय का? माही पुरचुंडी सुटली, त्यो टायवाला म्हनला चोरली! पर इवाई असे भडकले, असे भडकले! म्हनले, चोरायची असती तर दाखवली असती का? म्हनले, आधी माफी मागा! समदं दुकान गप!"

त्या मुलीचं एकेक वाक्य त्यांनी जसंच्या तसं उचलून माझ्या तोंडात ठेवलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सूनबाईनं माझ्या पाया पडून घेतलं. विहीणबाई म्हणाल्या, "चहा घ्या इवाई, गार व्हईल." मी चहा घेतला.

ती गोष्ट मग आमच्या घरात ठाण मांडून बसली. मुलगा पाहुण्यांना सांगतो, ओम शाळेत सांगतो. दरवेळी माझा आवाज थोडा चढतो, मॅनेजर थोडा थरथरतो. सई मात्र ती सुरू झाली की पाणी प्यायला उठते. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

पुढच्या शनिवारी विहीणबाई नेहमीसारख्या "चला इवाई" म्हणाल्या. पण दुकानाच्या दारात पिशवी मुकाट दिली, टोकन घेतलं. कमरेला काही नव्हतं. काट्याशी वरची मूठ मागितली नाही. आणि आत शिरताच म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं. मी त्या अंगानं येते." एक ओळ सोडून. मी मुद्दाम त्यांच्या ओळीत वळलो, तर त्या पुढच्या ओळीत गेलेल्या. गिऱ्हाईक म्हणून त्या एकदम शहाण्या झाल्या, आणि दुकान मला सहन होईना. उन्हाळ्यात ती मुलगीही काट्यावर दिसेनाशी झाली. नोकरी सोडली म्हणाले. तिनं सोडली की सोडवली, हे विचारायला माझी जीभ वळली नाही. तिचे आभारही मानायचे राहिले.

आता ओम मोठा झाला. विहीणबाईंचे गुडघे गेले, त्या गावीच असतात. गेल्या महिन्यात डाळ न्यायला मी सईला घेऊन गेलो होतो. विहीणबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, "विहीणबाई, त्या दिवशी दुकानात मी नाही म्हणालो होतो." सई शेजारीच होती. ती पाणी प्यायला उठली नाही.

विहीणबाईंचं सूप थांबलं नाही. "मला काय सांगता? मी तिथंच व्हते की."

"मग घरी तसं का सांगितलं?"

"माह्या पोरीला त्या घरात नांदायचं हाय इवाई. तिच्या सासऱ्यानं मान खाली घालून बसावं, आन् तिनं रोज ते बघावं?" दोन-तीनदा सूप हललं. "पर त्या पोरीचं वाईट वाटतंय. तिचं बोलणं मी तुमाला देऊन टाकलं. सांगायचंच असंल तर तिचं नीट सांगा."

म्हणून हे लिहिलं. ते बोलणं माझं नव्हतं. काट्यावरच्या त्या मुलीचं होतं.

निघताना त्यांनी माझा डबा डाळीनं काठोकाठ भरला, हातानं सपाट केला, आणि वर आणखी एक मूठ टाकली. ती डब्यात मावणार नव्हतीच. डाळ अंगणभर पसरली. मी गुडघ्यांवर हात टेकत खाली बसलो आणि वेचायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या इवाई, कोंबड्या खातीन."

मी वेचत राहिलो. थोड्या वेळानं सई माझ्या शेजारी येऊन बसली.