मागचं गेट

"मागच्या गेटने हाऊसकीपिंगवाले येतात. तू काय त्यांच्याबरोबर आलीस?"

केदारने हे सगळ्यांसमोर विचारलं. काचेची खोली, आत सात-आठ जण लॅपटॉप उघडून बसलेले. मी दारात धापा टाकत उभी. गळ्यात सिक्युरिटीवाल्याने अडकवलेला पिवळा पास, त्यावर 'सर्व्हिस' लिहिलेलं. सामानाच्या लिफ्टने वर आले होते, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांसोबत. कुणीतरी फिसकन हसलं.

वाट मीच चुकले होते. पण ही अशी चूक परळ-लालबागचीच पोर करू शकते.

हा टॉवर जिथे उभा आहे तिथे माझ्या बाबांची गिरणी होती. बाबा साचेखात्यात, कापड विणायच्या मशिनीवर. संप झाला त्या दिवशी मोठ्या गेटातून बाहेर पडले ते पडलेच. जग म्हणतं संप कधीच संपला. बाबा म्हणतात, "मागे कोणी घेतल्यान? सांग माका. कोणीच नाय." आणि पुढचा घास घेतात. संप चालू आहे तोवर गेट ओलांडायचं नाही. गिरणी पाडली, टॉवर आला, गेटाची कमान तेवढी रंगवून शोभेला ठेवली. तरी नाही. हॉस्पिटलला जायला त्या कंपाउंडातून सरळ रस्ता आहे. बाबा गुडघे धरत अख्खा वळसा घालतात. आम्ही भावंडंही तशीच. कुणी शिकवलं नाही, पाय आपोआप वळतात. त्या रविवारीही वळले, आणि मला मागच्या गल्लीत घेऊन गेले.

मी हे केदारला खरं खरं सांगितलं. मूर्खासारखं.

"थांब, थांब. म्हणजे संप अजून चालू आहे?"

सगळी खोली हसली. माझे कान तापले. मी खुर्ची ओढली आणि बसले, कारण मला ती नोकरी हवी होती.

तिथे काय चालायचं ते सांगते. मोठ्या टेक कंपन्या नोकरी देण्याआधी केस इंटरव्ह्यू घेतात. एखाद्या धंद्याची अडचण सांगतात आणि ती तुम्ही तिथल्या तिथे, मोठ्याने विचार करत सोडवायची. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. ज्याच्या घरात, ओळखीत असा कुणी असतो त्याला ते जेवता जेवता कळतं. आमच्या चाळीत कोण होता? केदार तसल्याच एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. राहायला शिवाजी पार्कला. रविवारी ऑफिसच्या खोलीत सराव घ्यायचा, फुकट. शेवटी ज्याला पसंत करेल त्याचं नाव कंपनीत पुढे पाठवायचा. तसं नाव गेल्याशिवाय आत बोलावतच नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर नको, केदार म्हण. अरे-तुरे कर." मला जमलं नाही. मी 'तुम्ही'वरच राहिले.

संपाचं ऐकल्यावर तो माझ्याशी एकदम गोड वागायला लागला. मला तिथेच वास यायला हवा होता. आलाही. पण नोकरीपुढे नाक दाबून धरलं. एकदा माझ्यासाठी कॉफी घेऊन आला.

"तुझ्या वडिलांची स्टोरी सोनं आहे, माहितीये? इंटरव्ह्यूत विचारतात, अपयशाचा प्रसंग सांगा. तू हा सांग. काळ बदलला, वडील बदलले नाहीत. त्यातून तू बदलायला शिकलीस. लोक रडतील."

मग तो मला ते घोटवायला लागला. इथे थांब. इथे आवाज जरा बसू दे. इथे वर बघ. बाकीच्यांना केस सोडवायला शिकवायचा आणि मला रडायला. का? माझं गणित त्यांच्यापेक्षा कच्चं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "केस कुणीही सोडवतं गं."

आईला सांगितलं तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "फुकटचो मास्तर? बघ हां गो, मागसून काय मागता तो."

एक दिवस घरीच गॅलरीत उभी राहून इंग्रजीत पाठ करत होते. माझे वडील, त्यांचा संप, त्यांचं फेल्युअर. बाबा आत पेपर वाचत होते. इंग्रजी त्यांना येत नाही. पण इतकं कुणाला कळत नाही?

"फेल म्हणजे नापास मा?"

"हो."

"कोण नापास?"

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि खाली निघून गेले. ते जिन्यावरून उतरेपर्यंत मी पायांचा आवाज ऐकत राहिले. इतकी लाज मला त्या पिवळ्या पासाचीही वाटली नव्हती.

शेवटच्या रविवारी केदारने कंपनीतल्या मॅनेजर बाईंना आणलं. बाई चांगल्या हसऱ्या. केदारने एकेकाची ओळख करून दिली. हा इंजिनिअर, ही एमबीए. माझ्यापाशी आला आणि आवाज बदलला.

"आणि ही गिरणी कामगाराची मुलगी. वडील आजही आपल्या गेटातून आत येत नाहीत, बोला! तिथून हिला आम्ही इथवर आणलं."

आम्ही आणलं? मला? मग माझी आई काय करत होती इतकी वर्षं? तेव्हा कळलं फुकट काय असतं ते. त्याला बाईंना दाखवायला एक गरीब हवी होती, स्वतःच्या हाताने घडवलेली.

बाईंनी हसून विचारलं, "तर मग, तुझ्या अपयशाचा एखादा प्रसंग सांग."

केदारने मान हलवली. चल, सुरू कर.

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. कुठे थांबायचं तेसुद्धा. मी म्हणाले, "मॅडम, गिरणी मालकाने बंद केली. जमीन मालकाने विकली. बाबांना गेटाबाहेर ठेवलं. यात नापास माझा बाप कसा? तो प्रसंग मी सांगणार नाही. मला केस द्या. सगळ्यांना देता तशी."

"इंटरेस्टिंग," बाई म्हणाल्या. आणि शेजारच्या मुलाकडे वळल्या. मला केस दिलीच नाही.

बाहेर लिफ्टपाशी केदारने गाठलं. चेहरा लाल.

"तुला समजतंय का काय घालवलंस? मी तुझं नाव पाठवणार नाही."

"नको पाठवूस, केदार," मी म्हणाले. पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. सोपं होतं.

खाली उतरले ती सामानाच्या लिफ्टने. कमानीकडे न जाता मागच्या गल्लीतून बाहेर पडले. घरी बाबा दारातच बसले होते. मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी फक्त पाय जरा सरकवले, मला जागा व्हावी म्हणून.

मी केस सोडवायला शिकणार आहे. केदारशिवाय. उद्यापासून गॅलरीत उभी राहून मोठमोठ्याने, चाळीला ऐकू जाईल अशी. माझं नाव दहा दारं ठोठावून मीच पुढे नेणार. त्या टॉवरात बसेन ती माझ्या डोक्याच्या जोरावर, आणि रोज मागच्याच गेटने जाईन. कुणी विचारलं तर सांगेन, संप चालू आहे. ज्याला तो संप माझ्या तोंडून ऐकायचा असेल, त्याने आधी सांगावं तो गेटाच्या कुठल्या बाजूला उभा आहे.