तंबोऱ्याच्या आवाजातून घरात शिरलेले कान

ये गं, अशी जवळ सरक. आईवर एवढा राग धरतात होय? फोन केला की नुसतं 'बरं आहे, जेवले'. तुला वाटतंय, तुझ्या गाठीची गोष्ट मीच फोडली. आधी ऐक तरी.

आपल्या मिरजेच्या दुकानात लांबची गिऱ्हाईकं जुन्या तंबोऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून धाडतात, तुला ठाऊक आहे. तो ऐकूनच तुझे बाबा सांगतात, तारांखालची घोडी कुठं घासायची. तशीच एक फाईल आली. तुझ्या चुलतभावानं उघडली, तर आत नुसती खरखर. बाबा म्हणाले, "बिचाऱ्याला रेकॉर्डिंग जमलं नसेल, परत मागव." परत आली, तीही उघडली! वर त्या गिऱ्हाईकाला शिकवलं, फोन तंबोऱ्याच्या भोपळ्याजवळ धरा म्हणून.

ते गिऱ्हाईक म्हणजे पोलीस, हे मागाहून कळलं. कुठल्या तरी ऑनलाइन फसवणुकीत आपल्या पोरावर, तुझ्या त्या चुलतभावावर, संशय होता. त्या फाईलीतून कॉम्प्युटरमधे हेर घुसवला आणि दुकानातलं सगळं ऐकत बसले. त्याच कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करून तू माझ्याशी रडत बोललीस, छातीत गाठ लागतेय, सासरी कुणाला कळू देऊ नकोस. मी तर बाबांनासुद्धा सांगितलं नाही गं.

मग एक दिवस साहेब स्वतः आले. पोरगा निर्दोष निघाला, चोर भलताच होता, हे सांगायला. चहा घेतला आणि उठता उठता लय मायेनं विचारलं, "मावशी, लेकीची गाठ साधीच निघाली ना?"

तुझी जाऊ समोरच बसली होती, मिरजेच्या दवाखान्यात दाखवायला आलेली, तिथून चहाला. तिनं ऐकलं, आणि तिच्याच तोंडून ते तुझ्या सासरी पोचलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तपासात कानावर येतं, मावशी."

"तपास पोराचा होता का माझ्या लेकीच्या छातीचा?"

"आम्हाला परवानगी असते."

"माझ्या लेकीची घेतलीत? आवं, दाराआड कान लावणाऱ्याला आमच्या गल्लीत बायका झाडू घेऊन हाकलतात! तुम्हाला मी चहा पाजला!"

साहेब बूट घालून निघाले. साधं चुकलं म्हणाले नाहीत. चोर धरा ना, मी कुठं नको म्हणते? पण आई-लेकीचं बोलणं ऐकायचं, लक्षात ठेवायचं, आणि वर चारचौघांत विचारपूस करायची? अजून अंगाची आग होते माझ्या.

कॉम्प्युटरवर मी चादर टाकून ठेवलीय. डॉक्टर काय म्हणाले ते मला अजून माहीत नाही, आणि फोनवर मी विचारलंही नाही. आता साताऱ्याहून आलीच आहेस, तर सरक बाई आणखी जवळ. माझ्या कानात सांग.